एकाच ताग्यातली माणसं

मला माणसांचे चेहरे ओळखू येत नाहीत.

हे वाक्य लिहायला मला पन्नाशी उलटावी लागली. आजवर मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. लोक मला गर्विष्ठ म्हणत. लोणावळ्याला रेल्वेच्या माल-कचेरीत नोकरी लागल्यावर माणूस फुगला, गावच्या माणसाला ओळख देईना, असं आमचं सगळं कार्ले गाव बोलायचं. मी बोलू द्यायचो. गर्विष्ठ म्हणवून घेणं त्यातल्या त्यात बरं. खरं सांगितलं असतं तर अंगारा लावायला नेलं असतं.

डोळे चांगले आहेत. समोरच्याचं नाक दिसतं, मिशा दिसतात. पण पाठ फिरवली की सगळं पुसलं जातं, आणि तोच माणूस परत आला की मला नवाकोरा. मग मी माणसं मुंडाशावरून ओळखायला शिकलो. तांबडं मुंडासं म्हणजे चुलता. मळकं पांढरं, डाव्या कानावर कललेलं, म्हणजे आमचे आबा. या पद्धतीवर माझं निम्मं आयुष्य सुखात गेलं.

मग धाकट्या बहिणीचं, सोनूचं, लग्न ठरलं. वडिवळ्याचं स्थळ, भाताची चांगली खाचरं. शिवेवर व्याह्यांना फेटे बांधायचे होते. मीच शहाणपणानं आबांना म्हणालो, निरनिराळे कशाला, लोणावळ्याच्या बाजारातून एक गुलाबी तागाच आणतो, शोभा येईल. (स्वतःच्या पायावर धोंडा पाडणारे पुष्कळ असतात. मी तो बाजारातून खांद्यावर वाहून आणला.)

शिवेवर व्याहीभेट झाली, फेटे बांधले गेले, आणि सगळं वऱ्हाड माझ्या डोळ्यांदेखत एकच माणूस झालं. व्याही गुलाबी, भावकी गुलाबी, वाजंत्री गुलाबी. आबांचा हात सढळ. त्यांनी पाणी भरणाऱ्या कोंडिबालासुद्धा फेटा बांधला.

आबांनी मला एकच काम दिलं होतं. नवरदेवाचे मामा वलवणचे, रागाला कडक. त्यांना हाताला धरून गादीवर बसवायचं, गुलाबपाणी शिंपडायचं, विडा द्यायचा. आमच्यात नवरदेवाच्या पाठीशी मामा उभा राहिल्याशिवाय अक्षता पडत नाहीत.

मी धरून बसवलं. गुलाबपाणी शिंपडलं. पाया पडलो. तेवढ्यात आचारी पाण्यासाठी ओरडायला लागला. मांडवाच्या कडेला एक गुलाबी फेटा नुसताच उभा होता. मी त्याच्यावर खेकसलो, “काय बघत उभा राहिलास? दोन घागरी आण की विहिरीवरनं.”

 त्या माणसानं दोन घागरी आणल्या, रांजणात ओतल्या, धोतराला हात पुसले आणि आपल्या गाडीवानाला बैल जुंपायला सांगितलं.

गादीवर कोंडिबा विडा चघळत बसला होता. नंतर विचारलं तेव्हा म्हणाला, “मला वाटलं, तुमी शिकल्याली मानसं, असंल काय तरी नवी रीत.”

मांडवात बोंब झाली. मामा निघाले. गोरज मुहूर्त तोंडावर आलेला. आत सोनू हळदीच्या अंगानं बसली होती, तिनं मला बोलावून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, “दादा, मामा गेलं तर वऱ्हाड माघारी जाईल. मग माज्याकडं कोन बघंल?” ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

मी धावत सुटलो. वेशीपाशी गाडी उभी होती. जुंपलेल्या बैलांशी एक फेटा वाकून गळ्याखालचा सापतीचा पट्टा आवळत होता. तो गाडीवान असणार. गाडीच्या मागं दुसरा फेटा खाली मान घालून बसला होता. हेच मामा. मी त्यांचे पाय धरले.

“मामा, माफी करा. चूक माजी न्हाई, आमच्या आबांची. एका ताग्यातलं फेटं त्यांनीच घेतलं.” (खोटं.) “पाणक्यालाबी त्यांनीच बांधलं.” (खरं.) “त्यांना आता वयामुळं काही कळत न्हाई. तुमी मोठ्या मनाचं. त्यांच्याकडं बघू नका, पोरीकडं बघा.”

फेटा हलला नाही. मी आणखी चार शब्दांत बापाची अक्कल काढली.

मग वरून आवाज आला. “आनि काय काय कळत न्हाई रं तुज्या बापाला?”

आवाज मला कधीच चुकत नाही. आबा माझ्या आधीच मामांची समजूत घालायला येऊन बसले होते.

बैलांपाशी वाकलेला फेटा सरळ झाला. ते मामा.

“म्हंजी ह्यो सोताच्या बापालाबी वळखत न्हाई?”

“न्हाई,” आबा म्हणाले. “ल्हानपनापास्नं असाच हाय. एकदा जत्रंत दुसऱ्याचंच बोट धरून चालला हुता. म्या कुनाला बोललो न्हाई. वाटलं, वयानं सुदरंल.”

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. मी जन्मभर लपवत होतो, आणि ते माझ्यासाठी लपवत होते. मला मान वर करवेना.

मामा मात्र चाकाला धरून हसत होते. डोळ्यांना पाणी आलं तेव्हा थांबले. “ज्याला बाप वळखंना, त्यानं मला पाणक्या म्हनलं तर त्यात कसला अपमान? सोडा रं बैल.”

अक्षता वेळेवर पडल्या. आणि वर्षभरानं मामांनी स्वतःची मुलगी मला दिली. आबांना म्हणाले, “जावई गरीब हाय. नजर परक्या बाईकडं जायाची न्हाई, आनि गेली तर दुसऱ्या दिशी वळखायचा न्हाई.”

पहिल्या दिवाळीनंतर बायकोला आणायला वलवणला गेलो. दारात दोघी बहिणी, सारख्या लुगड्यात. मी मुका उभा राहिलो. एक गप्प राहिली. दुसरी म्हणाली, “खांब रोवल्यासारखं काय उभं राह्यलाय? गाठोडं घ्या की.”

मी गाठोडं उचललं आणि तिच्या मागोमाग घरी आलो. आता दोघांचेही केस पिकलेत. अजून तरी तिला परत मागायला कुणी आलेलं नाही.