बेसमेंट बघायला आलेली बाई

कॅनडातल्या हॅमिल्टनमधलं आमचं बेसमेंट भाड्याने घ्यायला एक युक्रेनची बाई आली होती. फोनवर मला तिने गावाचं नाव कामियान्स्के सांगितलं होतं. आमच्या घरी आल्यावर माझ्या बायकोला मात्र म्हणाली, द्निप्रोझेर्झिन्स्क.

"खोटं बोलतेय," बायको मला मराठीत म्हणाली.

बाई एकेक खिडकी उघडून, पुन्हा कडी लावून बघत होती. मी तिला सरळ विचारलंच, गावाची दोन नावं कशी?

"शहर एकच, पोलादाच्या कारखान्याचं. सरकारं नाव बदलत राहिली. आजी कामियान्स्केत जन्मली, मी द्निप्रोझेर्झिन्स्कमध्ये, मुलगी परत कामियान्स्केत. घर मात्र तेच."

"आता तिथे कोण असतं?"

"आई. इमारतीत बाकी कुणी उरलं नाही."

"आणि मुलगी?" बायकोचा संशय अजून गेला नव्हता.

बाईने खिडकीची कडी लावली. मग हळूच म्हणाली, "बाहेर गाडीत बसलीय. मूल दिसलं की लोक जागा देत नाहीत."

बायको कोट न घालताच बर्फातून गाडीकडे निघाली.