गुलाबरावांचा कडता

खामगावच्या बाजारात गुलाबरावांनी उभी हयात मापारी म्हणून काढली. शेतकऱ्याने सोयाबीन आणायचं, अडत्याने लिलाव पुकारायचा, व्यापाऱ्याने नाक मुरडायचं आणि मग गुलाबरावांनी काट्यापाशी उभं राहून वजन सांगायचं, असा तो क्रम. त्यांनी एकदा वजन पुकारलं की पुन्हा कोणी तपासायला जात नसे. मी त्याच बाजारात एका अडतीवर हिशेब लिहितो. शिवाय आमची आणि त्यांची भिंत एक. त्यामुळे या माणसाला मी दिवसा बाजारात आणि उरलेला वेळ घरी सोसलेलं आहे.

सोसलेलं म्हणतो, कारण चुकीचं वजन त्यांना कुठेच खपत नाही. लग्नाच्या पंगतीत पानात पडलेला लाडू ते आधी हातात तोलतात, मग खातात. एकदा किराण्यातली साखर कमी भरली म्हणून भर उन्हात परत गेले आणि चिमूटभर साखर कागदात बांधून जिंकल्यासारखे घरी आले. ऊन लागून नंतर आडवे पडले, ते वेगळं.

बाजारात त्यांचा दरारा होता तो कडत्यामुळे. बारदाना, माती, काडीकचरा यांचं जे वजन मालातून वजा करतात, त्याला कडता म्हणतात. व्यापाऱ्याला तो जास्त हवा असतो, शेतकऱ्याला मुळीच नको असतो. गुलाबराव रिकामं पोतं आधी काट्यावर टाकत आणि जेवढं भरेल तेवढंच वजा करत. त्यामुळे दोघेही त्यांच्यावर सारखेच नाराज असत. याला ते न्याय म्हणत.

अशा माणसाच्या नातीचं वजन कमी आहे, असं अंगणवाडीच्या स्नेहलताताईंनी सांगितलं.

नात म्हणजे रेवती, दोन वर्षांची. बाप कंपनीत कामाला पुण्याकडे, आई राखी इथे सासू-सासऱ्यांजवळ. पोरगी बारीक होती खरी, पण आमच्याकडे बारीक पोराला चपळ म्हणायची पद्धत आहे. ताई म्हणाल्या, "रेवती पिवळ्यात आली. लाल झाली तर दवाखान्यात ठेवावं लागतं. जपा." त्यांच्या कोष्टकात हिरवा रंग बरा, पिवळा वाईट, लाल फार वाईट. अंगणवाडीतून पोषण आहाराची पाकिटं मिळतच होती. ती चवीला बरी नाहीत म्हणून शालूबाई, म्हणजे रेवतीची आजी, शेळीला घालत. त्या घरातली शेळी मात्र कुठल्याही कोष्टकात हिरवी ठरली असती.

गुलाबरावांनी एवढंच ऐकलं की आपल्या घरातलं वजन कमी निघालं. ते ताईंना म्हणाले, "काटा खोटा हाये तुमचा. स्प्रिंगले लटकवून कोनाचं वजन खरं आलं आजवर?"

बाजाराला सुट्टी होती त्या दिवशी त्यांनी माळ्यावरचा जुना तराजू काढला. दोन मोठी पारडी, लोखंडी दांडी, वजनं चिंचेने घासून लखलखीत केलेली. अंगणवाडीसमोरच्या लिंबाला तो टांगला. गल्ली जमली. मीही गेलो, कारण असं काही चुकवायला मी वेडा नाही.

"कडता काढा," गुलाबराव म्हणाले.

राखीला कळेना. त्यांनी समजावलं, "सेटर काढ, टोपी काढ, झबलं काढ. वाळे काढ, ताईत काढ. निव्वळ माल पाह्यजे."

ताई म्हणाल्या, "आजोबा, गारठा आहे. म्हणून तर मी कपड्यांसकट मोजली. राहू द्या."

"मापाले गारठा नसते, ताई."

चांदीचे जाड वाळे शालूबाईंनी बारशाला हौसेने घातले होते, ते निघाले. रेवती पारड्यात बसली आणि झोका मिळाला म्हणून हसायला लागली. गुलाबरावांनी वजनं चढवली, उतरवली, पुन्हा चढवली. दांडी स्थिर झाली. मग जन्माच्या सवयीने त्यांनी वजन पुकारलं. बाजारात पुकारतात तसं, पार पलीकडच्या आळीत ऐकू जाईल असं.

ताईंनी कोष्टकावर बोट ठेवलं. "आजोबा, हे तर लालमध्ये गेलं."

गुलाबरावांनी कपडे, वाळे, ताईत सगळं पुन्हा पारड्यात टाकून पाहिलं. ताईंच्या काट्याने जे दाखवलं होतं तेच भरलं. म्हणजे त्यांचा काटा खरा आणि यांचाही खरा. खोटं होतं ते स्वेटरचं आणि वाळ्यांचं वजन, ते आजवर पोरीच्या नावावर चढत होतं. हसू येण्यासारखा प्रसंग होता. पण उघडी पोरगी पारड्यात बसलेली, तिच्या फासळ्या सगळ्यांना दिसत होत्या, आणि कोणी हसलं नाही.

ताईंनी सरळ सांगितलं, "एवढ्या वजनाच्या लेकराला साधी हगवण लागली तरी निभत नाही. उद्याच भरती करा."

गुलाबराव घाबरले. हे मी सांगतो, कारण ते स्वतः कधी सांगणार नाहीत. काटा खोटा म्हणावा तर तो आता त्यांचाच होता.

घरी आल्यावर शालूबाईंनी तोंडाला पदर लावला. "लोक काय म्हनतीन? मापाऱ्याच्या घरात खायले नाई?"

"लोकाईनं वजन आयकलं हाये," गुलाबराव म्हणाले. "म्याच पुकारलं."

मग ते राखीकडे वळले. "खायले काय देतं व तू इले?"

भिंत एक असल्यामुळे मला सगळं ऐकू येतं, त्याला माझा इलाज नाही. राखी म्हणाली, "मामाजी, सकाळी च्यात बिस्कूट खाते. सांजच्याले मी वरन-भाकर कुस्करून बसतो, पन पोरगी तुमची वाट पाह्यते. तुमी पुडा आनता, ते खाते अन् झोपून जाते."

पुडा म्हणजे दुकानावर माळेत टांगलेले ते फुगलेले रंगीत पुडे, कुरकुरीत आणि तिखट. गुलाबराव रोज बाजारातून येताना एक आणत. कोपऱ्यावर त्यांची टोपी दिसली की रेवती धावत सुटे. दिवसभर कोणाशी धड न बोलणारा हा माणूस तेवढ्या वेळापुरता खाली बसून बोबडं बोलत असे.

"मंग आजवर काऊन नाई सांगतलं?"

"तुमाले कोन सांगन?" राखी म्हणाली.

सुट्टी असूनही त्या दिवशी आणलेला पुडा खुंटीला पिशवीत तसाच होता. थोड्या वेळाने मी अंगणात डोकावलो तर तराजू ओट्यावरच्या कडीला टांगलेला आणि एका पारड्यात तो पुडा. दांडी हललीही नव्हती. पोती तोलायच्या तराजूला पुडा कळणार नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी ते उभे राहून पाहत होते. मग पुडा उचलून शेळीपुढे टाकला. शेळीने हुंगला आणि तोंड फिरवलं. तिला चांगल्याची सवय झाली होती.

सरकारी दवाखान्यात अशा पोरांचा एक कक्ष आहे. तिथे आईसकट ठेवून घेतात. राखी आणि रेवती तिथे गेल्या. गुलाबराव बाजार उठला की रोज तिकडे. पहिल्या दिवशी ते भांडायच्या तयारीने गेले होते. पण नर्सबाई दूध मापून देतात, उरलेलंही मापतात, हे पाहिल्यावर दवाखाना त्यांना एकदम पटला. पुढे रेवतीने शेजारच्या खाटेवरच्या पोराच्या हातातलं केळं हिसकावलं. ही बातमी त्यांनी काट्यापाशी उभं राहून साऱ्या अडतीला सांगितली. एका व्यापाऱ्याने केळ्याचं वजन विचारलं. त्याच्याशी ते अजून बोलत नाहीत.

घरी सोडायचं वजन ठरलेलं होतं. तेवढं भरलं की सुट्टी. तो दिवस आला तेव्हा रिक्षात गुलाबराव, शालूबाई आणि मी. शालूबाईंनी डब्यात शिरा घेतला होता. पोर घरी जाणार म्हणून त्यांनी तिला नवा फ्रॉक घातला, काजळ लावलं आणि पायात ते वाळे चढवले. राखीची पिशवी बांधून तयार होती. दवाखान्याच्या खाटेवर झोपून तिची पाठ धरली होती आणि तिला घर डोळ्यांपुढे दिसत होतं.

नर्सबाईंनी रेवतीला काट्यावर बसवलं. आकडा नेमका भरला, अगदी काठावर. शालूबाईंनी हात जोडले. राखीने पिशवी उचलली.

"वाळे काढा," गुलाबराव म्हणाले.

शालूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. नर्सबाई म्हणाल्या, "अहो आजोबा, तेवढ्याने काय होतं?"

"तेवढ्यानंच तं इथवर आलो, बाई."

वाळे निघाले, फ्रॉक निघाला. वजन थोडं कमी पडलं. नर्सबाईंनी मान हलवली. आणखी काही दिवस.

शालूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या. रेवती घरी जायचं म्हणून रडायला लागली, आजोबांकडे हात करून. त्यांनी तिला घेतलं नाही. घेतली असती तर त्यांच्याने पुन्हा ठेववली नसती, असं मला वाटतं. राखीने पिशवी सोडली, वाटी-चमचा बाहेर काढला, वाळे रुमालात बांधले आणि सासऱ्याच्या हातात दिले. मग पोरीला मांडीवर घेऊन भरवायला बसली.

परतताना रिक्षात गुलाबराव तो रुमाल तळहातावर वरखाली करत होते. गप्प बसवेना म्हणून मी विचारलं, "किती भरतीन, गुलाबराव?"

हातात आलेल्या वस्तूचं वजन न सांगता राहिलेला हा माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता.

"पोरगी घरी येऊ दे," ते म्हणाले. "मंग तोलू."