बंद बॉयलरचा कोळसा

माझा स्वभाव खवट आहे, हे घाटकोपरला आमच्या अख्ख्या सोसायटीला ठाऊक आहे. ऑफिसात मात्र त्याचं कौतुक व्हायचं. कोळसा, डिझेल जाळून आपला देश वर्षाला हवेत किती कार्बन सोडतो, त्याचा अहवाल दिल्लीत बनतो. त्यात जाणारे काही कारखान्यांचे आकडे आमच्या अंधेरीच्या ऑफिसात तपासले जायचे. तपासणारी मी. कुणाच्या तक्त्यात खोट निघाली की चारचौघांत त्याची बिनपाण्यानं करायची, ही माझी पद्धत.

माझ्या हाताखाली वाकोल्याची एक बाई होती. चार वर्षं कंत्राटावर, त्या वर्षी कायम होणार होती. नवरा घरी बसलेला, दोन मुलं, सगळं हिच्या पगारावर. कामाला एकदम चोख. एका कारखान्याकडून फेब्रुवारीच्या कोळशाचा आकडा आलाच नव्हता, म्हणून तिनं तो रकाना कोरा ठेवला.

"अगं, भर ना काहीतरी. संध्याकाळी फाइल जायचीये."

"मॅडम, त्यांनी कळवलंच नाही तर मी मनानं कसं लिहू? उद्या परत फोन लावते."

मला शिकवते काय, म्हणून माझं डोकंच सणकलं. ती डबा खायला गेली, तेव्हा तिच्याच खुर्चीत बसून मी जानेवारी-मार्चची सरासरी काढली आणि रकान्यात ठोकून दिली. फाइल गेली तिच्या नावानं.

दोन महिन्यांनी दिल्लीहून फेरतपासणीला एक गृहस्थ आले. त्यांनी थेट कारखान्याचे कागद मागवले होते. नळ्या बदलायला तिथला बॉयलर अख्खा फेब्रुवारी बंद होता.

"बंद बॉयलरनं एवढा कोळसा खाल्ला कसा?" त्यांनी तिला विचारलं.

"सर, मी रकाना कोरा ठेवला होता," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी सांगेन, असं तिला वाटत होतं.

"फाइल तुझी, नाव तुझं. मग काय भुतानं भरलं?" मी म्हटलं. सगळे हसले, आमचे साहेबसुद्धा. महिनाअखेरीला तिचं कंत्राट संपवलं. आकडा दुरुस्त झाला, पण देशाच्या बेरजेत त्यानं काडीचा फरक पडला नाही.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. गोरेगावच्या एका कंपनीत असंच काम मिळत होतं, फक्त त्यांना जुन्या ऑफिसातल्या कुणाशी तरी बोलायचं होतं.

"तो आकडा कुणी भरला ते मला तेव्हाच कळलं होतं, मॅडम. मी कुठे बोलले नाही. आता तुम्ही एवढंच सांगा की मी मनचे आकडे लिहीत नाही."

दुसऱ्या दिवशी त्या कंपनीच्या माणसानं मला नेमकं तेच विचारलं. तिला चांगलं म्हणावं, तर मग तो रकाना कुणी भरला, हे कुणीतरी विचारणारच. माझी जाम टरकली.

"बाई मेहनती आहे," मी म्हटलं. "फक्त तिचे आकडे दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या."

त्यानं माझे आभार मानले. संध्याकाळी तिचा मेसेज आला, 'सांगितलंत ना?'

मी 'हो' असं लिहून पाठवलं.