न घमघमणारं अत्तर

वहिनी, हे तुलाच लिहिते आहे. पण तुझी गोष्ट ‘तू असं केलंस, तू तसं केलंस’ अशी सांगायला गेले, तर दर वाक्याला ‘छे, एवढं काही नव्हतं गं’ म्हणून अडवशील. एवढंच होतं, आणि तेच फार होतं. तेव्हा तुला जरा बाजूला बसवते आणि तिऱ्हाइताची सांगावी तशी सांगते. मध्ये बोलू नकोस.

तर एक सून होती. सासरे कोट शिवणारे, नवरा त्यांच्याच हाताखाली, आणि घर दुकानाच्या वरच्या मजल्यावर. ही रसायनशास्त्र शिकलेली, साबणाच्या कारखान्यात सुगंधाच्या खोलीत नोकरीला. तिथे वर्षानुवर्षं तिनं केलं काय? भांड्यांच्या साबणाला लिंबू आणि अंगाच्या साबणाला गुलाब. खोलीचे साहेब होते, त्यांचं खरं नाव त्यांच्या बायकोला ठाऊक असेल. कारखान्यात सगळे त्यांना घमघमाटसाहेब म्हणत. कुठलीही बाटली नाकाशी नेली की त्यांचं एकच पालुपद, “वास आला पाहिजे! माणूस जिन्यात असतानाच वरच्या मजल्याला कळलं पाहिजे!”

एका वर्षी कारखान्याच्या मालकीणबाईंनी फर्मान काढलं, की रोज लावून कामावर जाता येईल असं साधं अत्तर काढायचं. खोलीतल्या तिघांनी एकेक नमुना द्यायचा. साहेब निवृत्त होणारच होते. ज्याचा नमुना निवडला जाईल त्याच्या हाती खोली, आणि उरलेल्या दोघांची रवानगी फिनेलच्या विभागात.

सुनेला काय करायचं ते पक्कं ठाऊक होतं. रोज सकाळी ती कामावर निघायची ती दुकानातूनच. त्या वेळी अप्पा, म्हणजे तिचे सासरे, लोकरीच्या कापडावर ओलं फडकं पसरून वजनदार इस्त्री टेकवत. चर्र आवाज व्हायचा, वाफ उठायची आणि त्या वाफेतून ऊबदार लोकर, खडू, दोऱ्याला चोळायचं मेण, अस्तराचं कोरं कापड, लाकडी हँगर असं सगळं मिळून एक वास यायचा. त्या वासानं कधी कुणाचं डोकं उठलं नव्हतं. तोच तिला बाटलीत हवा होता.

तिनं थोडा देवदार घेतला, मेणाचा पुसटसा गोडवा घेतला आणि मग नुसतं कमी करत बसली. जरा कुठे वास पुढे आला, की काप. नवरा म्हणाला, “आणखी काढलंस तर नुसती बाटली उरेल हं.”

“उरू दे. अप्पा कोटाला झालर लावतात का?”

पहिल्या बैठकीत कागदाच्या पट्ट्या फिरल्या. एकीवरचा मोगरा खोलीभर नाचला, दुसरीवरच्या संत्र्यानं खिडकी उघडायला लावली. हिची पट्टी साहेबांनी हुंगली, उलटी करून हुंगली, शेजारच्या हिशेबनीसाला दिली.

“बाई, चुकून पाण्याची बाटली आणलीत का?”

सगळे हसले. मालकीणबाई हसल्या नाहीत, पण पट्टी त्यांनीही बाजूलाच ठेवली. निकाल पुढच्या बैठकीत, असं ठरलं.

ती घरी आली ती तोंड पाडून. दुकानात एक गिऱ्हाईक हँगरवरच्या कोटाकडे बघून नाक मुरडत होतं. “खांदे पडल्यासारखे दिसतात हो.” अप्पांनी वाद घातला नाही. कोट उतरवला, त्याच्या पाठीमागे धरला आणि म्हणाले, “घाला.” त्यानं घातला, आरशात पाहिलं आणि पैसे मोजायला लागला. असं दुकानात रोजच व्हायचं. सुनेनं हजारदा पाहिलं होतं. त्या दिवशी मात्र ती पायरीवरच थबकली. म्हणजे आपणही हँगरवरच दाखवून आलो की! लोकरीसाठी केलेला वास कागदावर काय कपाळ दिसणार? ट्रायल घेतलीच नाही. आणि म्हणे शिंप्याची सून!

पुढच्या बैठकीला ती दुकानातली इस्त्री पिशवीत घालून निघाली. अंगात अप्पांनी शिवलेला तपकिरी कोट, त्याचं मधलं बटण कुठेतरी पडलेलं. ती दारातच उभी राहिली. “साहेब, माझा नमुना लावून देते. सगळ्यांनी आपापले कोट द्या.”

“पँटही काढून देऊ का?”

“ती राहू द्या. बैठकीला मालकीणबाई आहेत.”

हशा पिकला, पण कोट मिळाले. तिनं फडकं भिजवलं, त्यावर थेंब टाकले, एकेका कॉलरवर ठेवून वाफ दिली आणि कोट परत केले. साहेबांनी बाही हुंगली, खांदे उडवले. मग मोगरा नि संत्रं पुन्हा फिरले, कामाची बोलणी निघाली, जेवणं झाली आणि कोटांचं कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

दुपारी मालकीणबाई कागदावरून मान वर करून म्हणाल्या, “साहेब, आज तुम्ही बरे दिसताय. सुट्टी घेऊन आलात का?”

साहेब लाजले. खरंच लाजले, सगळ्यांनी पाहिलं. “छे हो, कालच्यासारखाच तर आहे.”

“नाही, काहीतरी आहे. नीटनेटके वाटताय. विश्वास ठेवावा असे.” मग त्या हिशेबनीसाकडे वळल्या. “आणि तुम्हीसुद्धा!”

सुनेला कोपऱ्यात बसून अप्पाच आठवत होते. गिऱ्हाइकानं कोट छान आहे म्हटलं की ते खट्टू होत. माणूस छान दिसतोय म्हटलं की दिवसभर शीळ घालत. ती उठली. “बाई, तो माझा नमुना.”

साहेबांनी कॉलर नाकाशी ओढली, डोळे मिटले. मग म्हणाले, “पाण्याची बाटली! मला गाढवालाच द्या ती पहिली.” आणि हिच्या नमुन्यासाठी सगळ्यांत आधी हात त्यांनीच वर केला.

मालकीणबाईंची नजर तिच्या कोटाकडे गेली. “मधलं बटण नाही तुमचं.” ही ओशाळून कोट मुठीत धरणार, तोच त्या म्हणाल्या, “राहू द्या. बाटलीचं बूच बटणासारखं करू. चार भोकांचं.”

त्या संध्याकाळी सून दुकानात शिरली ती इस्त्रीची पिशवी उंच धरून. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि शीळ घालायला सुरुवात केली. खोली तिची झाली. नंतर बसमध्ये, बँकेत, लग्नघरात तिला माणसं भेटत राहिली, नुसती नीटनेटकी दिसणारी, आणि तीच तेवढी ओळखायची.

झालं, आता बोल. पण आधी हे ऐक. तुझ्या बटणाची बुचं गावोगाव गेली, घराघरांत आरशापुढे बसली. आणि तुझ्या कोटाचं मधलं बटण? तसलं दुकानात नव्हतं, म्हणून शनिवारी दोघी जाऊन बाजारातून आणू म्हणालो होतो. मग तुझी खोली, माझं कॉलेज, पोरं, दुखणी. नमुन्याला म्हणून तू वरचंही बटण कापून माझ्या हातात दिलं होतंस. ते अजून माझ्या पर्समध्ये आहे.