मामांची पहिली गाडी

आमच्या मामेसासऱ्यांइतका प्रवास केलेला आणि तरीही कुठेच न गेलेला दुसरा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात सापडायचा नाही. एकवीस वर्षं ते रोज सकाळी पावणेसहाच्या एसटीच्या गाडीनं अलिबागला जात होते आणि दिवेलागणीला त्याच गाडीनं परत येत होते. जायला दोन तास, यायला दोन तास. एवढ्या अंतरात माणूस काशीला पोहोचून गंगेत अंघोळ करून आला असता, पण मामा अलिबागच्या पुढे सरकले नाहीत. पालीचा गणपती जिल्ह्यातल्या जिल्ह्यात, तरी मामींना तिथे न्यायचं राहिलं ते राहिलंच, कारण ‘आपली गाडी तिकडे जात नाही’. पुढे गेले ते एकदाच, मांडव्याच्या धक्क्यापर्यंत, आणि तिथून समुद्रापलीकडची मुंबई पाहिली. “आहे, बरी आहे,” असा शेरा मारून ते मागे वळले. अलिबागेत एका सरकारी कचेरीत ते आवक-जावक कारकून होते, आणि त्या पदाला इतका लायक माणूस खात्याला पुन्हा मिळणार नाही.

मी घरून काम करणारा माणूस. साथीच्या दिवसांत बायकोच्या गावी आलो तो इथेच राहिलो. काशीदच्या रस्त्यापासून चार मैल आत, खाडीच्या काठाला हे गाव आहे, आणि मामांचं घर आमच्या कुंपणाला लागून. माझा कामावर जायचा प्रवास पलंगापासून खिडकीतल्या टेबलापर्यंत, तोही वाटेत चहा घेऊन. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, “मामा, रोजचे चार तास. परवडतं हे?” मामांनी चष्मा काढून पुसला. “हाच तर प्रश्न आहे, जावईबापू. विचार चालू आहे.” पुढे मामींकडून कळलं की हा विचार नोकरी लागल्याच्या दुसऱ्या दिवसापासून चालू आहे. दर दसऱ्याला मामा जाहीर करत की दिवाळीपर्यंत निर्णय होईल, आणि दिवाळीत म्हणत की फराळाच्या दिवसांत माणसाचं डोकं निर्णय घेण्याच्या लायकीचं नसतं.

एका वर्षी मात्र निर्णय झालाच होता म्हणे. मामांनी अलिबागेत खोली घेतली. सोमवारी बिछाना घेऊन राहायला गेले आणि संध्याकाळी परत आले, कारण उशी न्यायची राहिली होती. मंगळवारी उशी नेली आणि परत आले, कारण उशीला अभ्रा नव्हता. बुधवारी ताजे बोंबील मिळाल्याचा मामींचा फोन गेला, तेव्हा प्रश्नच नव्हता. असं करत तीन महिन्यांत एक अख्खा संसार त्या गाडीच्या टपावरून आणि सीटखालून अलिबागला पोहोचला, पण मामा एकही रात्र तिथे झोपले नाहीत. शेवटी सगळं सामान त्याच गाडीनं परत आलं. “खोली चांगली होती,” मामा अजून सांगतात, “पण लांब पडायची.”

एकट्यानं जाऊन त्यांचं भागलं असतं तर आमची तक्रार नव्हती. पण ज्याला ज्याला अलिबागेत काम असेल त्यानं पहिल्याच गाडीनं यावं, हा त्यांचा हट्ट, आणि मी गावात आल्यापासून तर तो वाढतच गेला. कुणी मोटारसायकल घेतली की मामा ती बघायला जात, सुतकात भेटायला गेल्यासारखे बसत, आणि उठताना “असो” म्हणत. मामांच्या एका पुतणीचा साखरपुडा अलिबागला होता. मुहूर्त दुपारचा, पण मामांनी आम्हा अकरा जणांना पहिल्या गाडीत घातलं आणि आम्ही नटूनथटून सकाळी आठला मुलाच्या दारात हजर झालो. नवरामुलगा तोंडात ब्रश धरून अंगणात उभा होता. मामा त्याला म्हणाले, “सावकाश होऊ द्या तुमचं. आम्ही वेळेवर आलोय.” मी एकदा बोलून गेलो, की कॉम्प्युटरचा माउस बिघडलाय, दुपारी कार काढून अलिबागला जाईन म्हणतो. दुसऱ्या दिवशी साडेपाचला दारावर थाप पडली. “चला, जावईबापू.” दुकान उघडेपर्यंत मी अडीच तास किनाऱ्यावर बसून कुलाब्याचा किल्ला पाहिला. त्यात पाहण्यासारखं पुष्कळ आहे, पण अडीच तासांचं नाही.

गाडीत मामांची जागा ठरलेली, डावीकडची तिसरी खिडकी. डेपो बहुतेक तीच गाडी पाठवायचा, त्यामुळे मामा तिच्याशी घरच्या म्हशीसारखे वागत. खिशात एक लहान पेचकस कायम. खिडकीचे स्क्रू सैल होऊन ती खडखडू लागली की हे उठून आवळत. कोळीवाड्यातली एक आजी आठवड्यातून तीन दिवस अलिबागला डायलिसिसला जाते, आणि येताना थकून त्यांच्या शेजारी झोपते. तिची झोप मोडू नये म्हणून हा उद्योग. आजी मला एकदा म्हणाली, “ह्यो भाऊ बाजूला बसला ना, का मना घरीच पोचल्यासारखा वाटतं.” एरवी मामा तऱ्हेवाईकच. एकदा मोठा फणस घेऊन चढले, तो शेजारच्या सीटवर ठेवला आणि त्याचं पूर्ण तिकीट मागितलं. कंडक्टर म्हणाला, “काका, फणसाला फुल तिकीट लागत न्हाय.” मामा म्हणाले, “माणसासारखा बसलाय की नाही? मग द्या.” त्या दिवशी गावात सगळे मिळून हसलो, आणि सगळ्यांत मोठ्यानं मी.

आणि मग गेल्या वर्षी मामांच्या खात्यानं आमच्याच गावात एक लहानशी कचेरी उघडली. मामांच्या उंबऱ्यापासून सात मिनिटं, तीही मध्ये थांबून कुणाशी बोललं तर. तिथे बदली हवी असेल तर सोमवारपर्यंत लेखी संमती द्या, असं पत्र आलं. मामींनी त्या दिवशी नारळाच्या वड्या केल्या. “एकवीस वर्षं पहाटे चारला उठून डबा करतेय,” त्या मला म्हणाल्या. “रविवार सोडला तर ह्यांना दिवसाउजेडी बघितलेलं न्हाय मी. माणूस कसा दिसतो ते तरी कळेल.” त्या हसत म्हणाल्या, पण वडीचं ताट उगाच दोनदा पुसलं. मामांनी मात्र पुन्हा विचार सुरू केला. नव्या कचेरीत टेबल पश्चिमेकडे तोंड करून आहे. सात मिनिटांत माणसाचं अन्न जिरत नाही. शनिवारपर्यंत अशी नऊ कारणं झाली. दहाव्याला मामी उठल्या आणि म्हणाल्या, “उद्या देवीला विचारू.”

आमच्या गावात अडलेला प्रश्न गावदेवीपुढे कौल लावून सोडवतात. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवतो. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. प्रश्न मात्र मनातल्या मनात ठेवून चालत नाही, सगळ्यांदेखत मोठ्यानं विचारावा लागतो. रविवारी सकाळी मामा, मामी आणि मी देवळात गेलो. गुरवानं पाकळ्या लावल्या. मामा हात जोडून काहीतरी पुटपुटले. “मोठ्यानं बोला, मामा,” गुरव म्हणाला, “आईपासून काय लपवताय?” मामांनी घसा साफ केला आणि कचेरीत पत्र वाचून दाखवावं तशा आवाजात म्हणाले, “आई, चार वर्षांपूर्वी डेपोत मला सांगितलंय, सकाळच्या गाडीला रोज चौदा माणसं असली तरच ती राहील. मोजून चौदा आहेत. त्यात एक मी. मी उतरलो तर तेरा. मग त्या आजीनं जायचं कसं? मी उतरलो तर गाडी राहील का, तेवढं सांग.”

मला तो फणस आठवला. साखरपुड्याचे आम्ही अकरा जण आठवले. चार वर्षं हा माणूस रोज माणसं मोजत होता, आणि आम्ही त्याला हसत होतो. मला माझीच लाज वाटली. मामी तर मामांकडे पाहतच राहिल्या. तेवढ्यात उजवी पाकळी पडली. “व्हय म्हणते आई,” गुरव म्हणाला, “गाडी राहील.” मामांनी दोनदा वाकून खाली पडलेली पाकळी नीट तपासली, पण ती उजवीच होती. सोमवारी त्यांनी संमती लिहून दिली.

नव्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी पहाटे अंगणात आवाज आला म्हणून मी बाहेर डोकावलो. मामी नवं लुगडं नेसून, पिशवी घेऊन निघाल्या होत्या. “कुठे?” मी विचारलं. “अलिबागला.” “काय काम?” “काम कसलं? आई गाडी राहील म्हणाली. तिचा शब्द खोटा पडू द्यायचा काय?” त्या आठवड्यात मामींनी वार वाटून टाकले. मंगळवार गुरवाचा, बुधवार आणि शनिवार महिला मंडळाचे, गुरुवार माझा, सोमवार आणि शुक्रवार मामींनी स्वतःकडे ठेवले. चौदा माणसं भरतात. आजी जाते. मी दर गुरुवारी किनाऱ्यावर बसून लॅपटॉप उघडतो आणि किल्ल्यासमोर काम करतो.

मामांना आता सगळं घरपोच मिळालं आहे. उशिरा उठायची मोकळीक, दुपारचं गरम जेवण, झोप. फक्त मामी आठवड्यातून दोन दिवस दिवेलागणीपर्यंत घरी नसतात. मामा तरी साडेपाचला थांब्यावर येतात, ओठ हलवत माणसं मोजतात आणि गाडी सुटली की मोकळ्या हातांनी घरी जातात. ते मला बघवेना. गुरुवारी संध्याकाळी विचारतात, “खिडकी वाजते का हो?” मी एकदा सहज म्हणालो, “थोडी वाजते.” दुसऱ्या दिवशी मामा पेचकस घेऊन गाडीत चढले, काशीदच्या फाट्यापर्यंतचं तिकीट काढलं, स्क्रू आवळला, आणि फाट्यावर उतरून चार मैल चालत दहाच्या आत कचेरीत हजर झाले. चेहरा कसा उजळला होता त्यांचा! तेव्हापासून दर गुरुवारी परतीला, त्या दिवशी आजी गाडीत नसते म्हणून, गावात उतरण्याआधी मी घराच्या किल्लीनं तो स्क्रू एक वेढा सैल करून ठेवतो. शुक्रवारी सकाळी मामा येतात, डावीकडच्या तिसऱ्या खिडकीशी बसतात आणि फाटा येईपर्यंत हळूहळू आवळत राहतात. शेजारी मामी असतात, आणि तोवर उजाडू लागलेलं असतं.