पोचल्यावर शिक्का

मी बँकॉकला निघालो त्या संध्याकाळी बदलापुरात आमच्या बिल्डिंगखाली इतकी माणसं जमली, की कोपऱ्यावरच्या पानवाल्याने दबक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं?" त्याचं काही चुकलं नव्हतं. बायका पांढऱ्या साड्यांत, पुरुष गंभीर, मध्ये भाड्याची सुमो आणि तिच्या बॉनेटवर झेंडूची माळ. आईने आठ दिवस आधीपासून सगळीकडे सांगत फिरून पोरगा बुद्धाच्या देशात चालल्याची बातमी पक्की केली होती. त्यामुळे दोन म्हाताऱ्या माझ्याच पाया पडल्या. मी उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये जीन्सचं कटिंग करणारा मास्तर, आणि चाललो होतो सेठच्या मेव्हण्याचा तिथला कारखाना बघायला. पण हे त्या गर्दीत कोणाला ऐकायचं नव्हतं.

बाबा खाली उतरले नाहीत. अंबरनाथच्या एकाच कारखान्यात सारी नोकरी काढलेला माणूस. निघून जाणाऱ्यांबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं आणि ते आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो: "माणसानं आपल्या गावात आपल्या नावानं राहावं. पळणाऱ्याचं नाव कुणी विचारत नाही." गॅलरीत उभे राहून त्यांनी एवढंच विचारलं, "परतीचं तिकीट आहे ना?" मी आहे म्हटलं. ते आत गेले आणि टीव्हीचा आवाज मोठा झाला.

तुम्ही जे मागे राहिलात, त्या तुम्हाला वाटतं की गेलेल्यांनी काहीतरी मोठं केलं. जे गेले त्यांना तर वाटतंच. मला दोघांचीही कीव येते, आणि कीव हा शब्द मी सौम्य वापरतोय. आता मी बँकॉकलाच राहतो आणि बदलापूरहून मावसभावाचा फोन येतो, "अरे, व्हिसा ऑन अरायव्हल आहे, काय टेन्शनच नाही, उतरलं की शिक्का." बोलतो असा, जणू त्या देशाने त्याच्या स्वागतासाठीच रबरी शिक्का करून घेतलाय. मग टोळकी येतात, बॅगेत चिवडा आणि लोणच्याची बरणी घेऊन. पाच दिवस मला फुकटचा ड्रायव्हर करतात, मॉलमध्ये भाव करतात, देवळासमोर चपला कुठे ठेवायच्या यावरून भांडतात आणि जाताना सांगतात की इथले लोक आपल्यासारखे हुशार नाहीत. परवा एकाने विचारलं, तुला इथे कंटाळा नाही येत? मी म्हटलं, तुम्ही आलात की येतो. तो हसला. त्याला तो विनोद वाटला.

आमच्या वेळी, म्हणजे दोन हजार चारच्या सुमारास, त्या शिक्क्याची सगळी विद्या कॅम्प तीनच्या एका एजंटाकडे होती. मोबाईल कव्हरच्या दुकानाच्या मागे त्याचं टेबल. सेठने आम्हा पाचजणांना त्याच्यासमोर उभं केलं: मी, सेठचा भाचा जितू आणि कारखान्यातले तीन कारागीर. एजंटाने शिकवणी घेतली. "कोई पूछे क्या करने आए, बोलना घूमने. कितने दिन, बोलना दस. वापसी का टिकट हाथ में पकड़ना. हॉटेल का नाम रट लो. काम शब्द मुँह से नहीं निकलना चाहिए." पंधरा दिवसांचा व्हिसा मिळायचा, आणि तेवढ्यात कारखाना बघून परत यायचं, पसंत पडलं तर पुढचे कागद सेठ करणार. खरं तर ह्यात खोटं बोलण्यासारखं काहीच नव्हतं. पण खोटं बोलल्याशिवाय काम झालं तर एजंटाला कोण विचारणार?

सगळ्यांना सांगून झाल्यावर तो माझ्याकडे वळला. माझं आडनाव त्याने पासपोर्टवर वाचलं होतं. "मास्टर, तेरा तो आसान है. तुम लोग बुद्ध वाले हो ना? वहाँ हाथ जोड़ के दो लाइन बोल देना. सीधा अंदर." आणि हसला. सेठही हसला. सेठ तसा वाईट माणूस नव्हता, पगार वेळेवर द्यायचा. त्याचे वडील फाळणीत सगळं सोडून ह्याच कॅम्पात निर्वासित म्हणून उतरले होते, हे तो दर दिवाळीला डोळ्यांत पाणी आणून सांगायचा. त्यांना इथे कोणी परतीचं तिकीट विचारलं नव्हतं. तरी एजंटाचं "तुम लोग" त्याला खटकलं नाही.

माझ्या आजोबांनी छप्पन साली जे घेतलं, ते ह्या माणसाच्या हिशोबात गेटवर दाखवायचा पास होतं.  मी ठरवून टाकलं, की तिथून हाकललं तरी चालेल, त्या दोन ओळी काउंटरवर खर्च करायच्या नाहीत. आता हसू येईल कोणाला. त्या वेळी माझ्याकडे अडवून धरण्यासारखं दुसरं होतं तरी काय?

मग फोटो. व्हिसाच्या अर्जावर फोटो लागतो म्हणून एजंटाने आम्हाला शेजारच्याच स्टुडिओत पाठवलं. उल्हासनगरातल्या त्या स्टुडिओत खुंटीवर एक काळा कोट आणि गाठ मारून तयार ठेवलेला लाल पट्ट्यांचा टाय असायचा. परदेशचा फोटो म्हटलं की कोट घालायचाच, अशी तिथली रीत. लग्न जमवण्याचा फोटो त्याच कोटात, नोकरीचा त्याच कोटात. आम्ही पाचहीजण एकामागून एक त्यात शिरलो. मला तो खांद्यात घट्ट होता, जितूला सैल, म्हणून फोटोग्राफरने पाठीमागे कपड्यांचे चिमटे लावले. दिवसाला शेकडो पँटी कापणारी, कापडातला सूतभर फरक ओळखणारी आम्ही माणसं. एकाच्याही डोक्यात आलं नाही, की हे पाच फोटो उद्या एकाच टेबलावर पडणार आहेत.

पडले. बँकॉकच्या विमानतळावरची ती रांग लांबलचक होती. आमच्या पुढे एका टूर कंपनीचे टोपीवाले, मागे रडणारं पोर. काउंटरवरची बाई माझ्या आईच्या वयाची असेल, केस घट्ट बांधलेले. आम्ही पाचही अर्ज एकत्र दिले, कारण एजंटाने सांगितलं होतं की ग्रुप दिसला पाहिजे. तिने पहिला अर्ज पाहिला, दुसरा पाहिला, मग पाचही फोटो काचेखाली ओळीने मांडले. शेजारच्या काउंटरवरच्या माणसाला बोलावलं. दोघांनी आमच्याकडे पाहिलं, मग फोटोंकडे, मग टायकडे. तो माणूस तोंडावर हात धरून निघून गेला. आम्हाला बाजूच्या बाकावर बसवलं.

त्या बाकावर बसून मी पोटभर तिरस्कार केला. एजंटाचा, सेठचा, स्टुडिओवाल्याचा, आणि ह्या चौघांचाही, कारण ते अजून हॉटेलचं नाव पाठ करत होते. जितूच्या कपाळावर घाम. म्हणाला, "मास्टर, वो दो लाइन बोल ना यार." मी नाही म्हटलं. "क्यों?" मी म्हटलं, "मेरी मर्जी." बिल्डिंगखालची झेंडूची माळ लावलेली गाडी, पांढऱ्या साड्या, आणि मी दुसऱ्या दिवशी परत गेलो असतो तर बिल्डिंगमध्ये काय तमाशा झाला असता, ते मला दिसत होतं. बाबा काही बोलले नसते. टीव्हीचा आवाज मात्र कमी केला असता, माझी फजिती नीट ऐकायला. मला आत जायचं होतं. फार जायचं होतं, हे इथे सांगतो. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, हा मोठा बाणेदार.

"तू नहीं बोलता तो मैं बोलता," म्हणून जितू उठला. बोलावणं आल्यावर काउंटरपुढे जाऊन त्याने डोळे मिटले, हात जोडले आणि कुठल्यातरी सिरियलमध्ये ऐकलेली एक ओळ ठणकावली. दुसरी त्याला येत नव्हती, म्हणून पहिलीच पुन्हा म्हटली. मनगटात लाल धागा, गळ्यात सिंध्यांच्या झुलेलालचं लॉकेट. बाई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने माझ्याकडे बोट करून मोडक्या इंग्रजीत विचारलं, "यू? ऑल्सो बुद्धा?"

एका शब्दाचं काम होतं. हो म्हणायचं. आणि ते खरंही होतं, पाचांत माझंच तेवढं खरं होतं. मी म्हटलं, "आय कट जीन्स."

मागून कोणीतरी आईवरून शिवी घातली. मी माझ्या इंग्रजीत सांगत गेलो. इंडियात जीन्स कापतो. इथे एकाचा कारखाना आहे. तो बघायला आलोय. "व्हाय सी?" राहता येईल का ते बघायला, म्हटलं. आवडलं तर कागद करून येईन, नाही आवडलं तर येणार नाही. तिकीट हे आहे. तिने तिकीट उलटून तारीख पाहिली. मग म्हणाली, "ओके. यू सी. नो वर्क. फिफ्टीन डे." आणि शिक्का मारला. पाठोपाठ चौघांनाही मारला, बहुधा त्यांच्याशी बोलायचा कंटाळा येऊन. जितू अजूनही सांगतो की त्याच्या प्रार्थनेने सगळे आत गेले. आता त्याचं स्वतःचं दुकान आहे, तिथे ही गोष्ट चहासोबत मिळते.

पंधरा दिवस पुरे व्हायच्या आत मी परत आलो. बिल्डिंगमधल्यांची निराशा झाली. माळ घालून पाठवलेला माणूस इतक्या लवकर भाजी आणायला उतरावा, हे त्यांना पटलं नाही. बाबांनी जेवताना विचारलं, "तिथं काय सांगितलंस?" मी सांगितलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हटलं, "बरं केलंस." आयुष्यात माझ्या वाट्याला त्यांची एवढीच शाबासकी आली, आणि ती सुद्धा पळून जाण्याच्या तयारीबद्दल. चार-पाच महिन्यांनी कामाचे कागद झाले आणि मी खरा गेलो. तेव्हा खाली कोणी नव्हतं. पानवाल्याने मानही वर केली नाही.

इथे आता माझं बरं चाललंय. कंपनीत सुपरवायझर आहे. कोणाचं काही चुकलं की लोक "मै पेन राय" म्हणतात, म्हणजे जाऊ दे, काही बिघडत नाही. पहिली दोन वर्षं मला ते ऐकून चीड यायची. मी अशा ठिकाणाहून आलो होतो, जिथे कोणी काही जाऊ देत नाही. माझं आडनाव इथे कोणाला उच्चारता येत नाही आणि ते ऐकून कोणाचा चेहराही बदलत नाही. ह्याची सवय लागायला वेळ लागला. मी आडनाव सांगून अजून समोरच्याच्या तोंडाकडे बघतो.

दोन हजार नऊमध्ये आईबाबांसाठी बदलापुरातच खरवईला नव्या कॉम्प्लेक्समध्ये फ्लॅट घेतला. लिफ्ट, बाग, गेटवर गणवेशातला वॉचमन. चावी मिळाली त्याच दिवशी सेक्रेटरी भेटायला आले, गोड माणूस. "मग सत्यनारायण कधी?" बाबा म्हणाले, "आमच्यात वंदना घेतात." सेक्रेटरी म्हणाले, "अच्छा अच्छा. म्हणजे तुम्ही..." आणि थांबले. अशी वाक्यं पुरी करायची नसतात, हे शिक्षण आपल्याकडे सगळ्यांना मिळतं. त्यानंतर खाली लॉबीत सगळ्या फ्लॅटधारकांच्या नावांचा बोर्ड लागला. आमच्या नंबरापुढची जागा कोरी. विचारलं की उत्तर यायचं, रंगारी गावाला गेलाय. त्या रंगाऱ्याने त्याच काळात आमच्या वर राहायला आलेल्यांचं नाव लिहिलं, कुत्र्यापासून सावध राहा लिहिलं, लॉनवर चालू नका लिहिलं.

मी सुट्टीवर आलो तेव्हा तो कोरा चौकोन पाहिला आणि माझं डोकं सणकलं. बाबांना म्हटलं, विकून टाकू. ह्या दीडदमडीच्या लोकांत राहायचं कशाला? तुम्ही दोघं माझ्याकडे चला. पासपोर्ट काढा, पुढचं मी बघतो, तिथे पोचल्यावर शिक्का देतात.

बाबा बूट पुसत होते. रिटायर होऊन किती वर्षं झाली, तरी रोज पुसतात. म्हणाले, "तिथं पोचल्याबरोबर देतात. आपल्याला इथं पोचून किती पिढ्या झाल्या रे?"

 माझ्याकडे जगातल्या प्रत्येक माणसासाठी एक टोमणा तयार असतो, त्या वेळी एकही सापडला नाही. आई म्हणाली, "अहो, पोरगा बरोबर बोलतोय. इथं जीव रमत नाही." बाबा म्हणाले, "रमवायला आलोय कशाला? राहायला आलोय."

ते उठले आणि स्टेशनजवळच्या नेमप्लेटवाल्याकडे गेले. दोन दिवसांनी पितळी पाटी घेऊन आले, हातभर लांब. सोसायटीच्या नियमात बसेल त्याच्या दुप्पट. स्वतः स्टुलावर चढून त्यांनी ती दाराला ठोकली, समोर सेक्रेटरीचं दार. वर त्यांचं नाव, आजोबांच्या नावासकट आणि आडनाव सगळ्यात मोठ्या अक्षरात. खाली आईचं. त्याच्या खाली माझं.

मी म्हटलं, "बाबा, मी इथं राहत नाही."

खिळा तोंडात धरून ते म्हणाले, "ते तुला म्हायती. त्यांना कशाला सांगायचं?"