चपलांशेजारचा डबा

माझा डबा पायरीवर होता. चपलांच्या शेजारी. उन्हात.

मी फर्स्ट शिफ्ट करून भोसरीहून आलो होतो. एप्रिलचं ऊन. चऱ्होलीत माझ्या घरमालकांच्या दारात मांडव घातलेला, आत सत्यनारायण. त्यांच्या मुलानं नवीन गाडी घेतली होती. बोनेटवर हार, हळदीकुंकवाची बोटं. पायरीवर पाहुण्यांच्या चपलांचा ढीग आणि त्या ढिगात माझा निळ्या झाकणाचा डबा. कुणाची तरी सँडल त्याच्यावर चढलेली.

त्या डब्यात माझं औषध असतं. माझं रक्त आपोआप थांबत नाही. ते थांबावं म्हणून आठवड्यातून दोनदा मी स्वतःच्या हातानं स्वतःच्या शिरेत इंजेक्शन घेतो. औषध गार ठेवावं लागतं. माझ्याकडे फ्रीज नव्हता, मालकांकडे होता. एवढीच गोष्ट आहे. बाकी सगळं त्यातून निघालं.

मी सँडल बाजूला केली. डबा उचलला. हाताला गरम लागला.

मालकीणबाई दारात आल्या. मी त्यांना काकू म्हणायचो.

"आज देवाचं हाय ना घरात," त्या म्हणाल्या. "रक्ताचं काय आत नको, म्हणून काढून ठेवला."

"कधी काढला, काकू?"

"सकाळीच. फ्रीज गोमूत्रानं पुसून घेतला."

आतून एका बाईनं विचारलं, "कुणाचं गं त्ये?"

"वरच्या भाडेकऱ्याचं. पोरगं चांगलं हाय, पण आजारी हाय."

एवढं बोलून त्या पंचामृताचं दूध काढायला वळल्या. मला दारातून फ्रीज दिसत होता. त्यांनी तो उघडला. आत त्यांच्या मुलाच्या बियरच्या बाटल्या ओळीनं उभ्या. बियर आत, माझं औषध बाहेर. देवाला बियर चालत असावी बहुतेक.

माझ्या आजाराला हिमोफिलिया म्हणतात. आईकडून मुलाला येतो. कापलं की रक्त वाहत राहतं हे लोकांना कळतं. पण खरा मार आतून असतो. काही न लागता गुडघ्यात रक्त उतरतं, सांधा फुगतो, आणि प्रत्येक वेळी सांधा थोडा थोडा कामातून जातो. माझा डावा गुडघा शाळेत असतानाच अर्धा गेला. तेव्हा हे औषध आमच्या गावापर्यंत पोचलं नव्हतं. आमचं गाव मराठवाड्यात. मास्तर म्हणायचे, "याला खेळायला घेऊ नका रे, फुटला तर निस्तरायचं कुणी?" पोरं माझ्याभोवती लांबून गोल करून उभी राहायची. अंगाला हात लावायला ती आधीच कचरायची. आता त्यांना मास्तरांनीच कारण दिलं.

मोठा झालो, कामाला इकडं आलो. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये बसून पार्ट तपासतो. उभं राहायचं काम नाही, म्हणून टिकलो. इथल्या सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरांनी मला इंजेक्शन घ्यायला शिकवलं. दंडाला रबरी पट्टा दातानं ओढून बांधायचा. पावडरची बाटली हलवायची नाही, नुसती हातात फिरवायची. शीर शोधायची. सुई आत गेली आणि नळीत लाल दिसलं की पट्टा सोडायचा. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी रडलो. दुखलं म्हणून नाही. माझ्या जिवाची किल्ली पहिल्यांदा माझ्या हातात आली म्हणून.

पण किल्ली हातात असून भागत नाही ना राव. कुलूप दुसऱ्याच्या दाराला होतं.

भोसरीतल्या पहिल्या खोलीच्या मालकानं माझ्या कचऱ्यात सुईचं टोपण बघितलं. विचारलंसुद्धा नाही. "गर्दुल्ला साला," म्हणत माझी गादी जिन्यावरून खाली टाकली. दवाखान्याचा कागद दाखवला तर म्हणाला, "कागद कुठंबी मिळत्यात." त्यानंतर मी खोल्या बघत किती हिंडलो ते मलाच माहीत. आधी विचारायचे, एकटा का फॅमिली. मग विचारायचे, आडनाव काय. आडनावावर निम्मी दारं बंद व्हायची. जी उघडी राहायची, ती डबा बघून बंद व्हायची.

चऱ्होलीत आण्णांनी खोली दिली. आण्णा म्हणजे हे मालक. जमीन बिल्डरला गेली, उरलेल्या जागेत त्यांनी खाली घर आणि वर पत्र्याच्या खोल्या बांधल्या. आडनाव ऐकून क्षणभर थांबले आणि म्हणाले, "आमी तसलं काय मानत न्हाई. पण खोलीत फ्रीज चालणार न्हाई. समद्यांना मिळून एक मीटर हाय. तुझं औषध ठेव आमच्याकडं, खालच्या कप्प्यात."

मला वाटलं, देवमाणूस भेटला. खरंच वाटलं.

मग त्या कप्प्याची किंमत हळूहळू कळत गेली. "जरा दळण टाकून ये." "जरा गाडी पुसून घे." "तुला रविवारची सुट्टीच हाय की." भाडं मी भरत होतो, लाईटचं वेगळं देत होतो, तरी मी त्या घराचा गडी झालो. सिंटेक्सची टाकी धुवायला मीच. त्यांच्या मुलाच्या वाढदिवसाचं फ्लेक्स धरायलाही मीच. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'भव्य रक्तदान शिबिर'. रक्त देणाऱ्याला हेल्मेट फुकट. काकूंनी त्या दिवशी दारात रांगोळी काढली होती.

आणि डबा घ्यायला मी मागच्या दाराशी उभा राहायचो. स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं. मला सांगावं लागलं नाही. "काकू, डबा," म्हणून हाक मारायची आणि थांबायचं. त्या हातावर प्लास्टिकची पिशवी चढवून डबा बाहेर धरायच्या. एकदा विचारलं त्यांनी, "ह्ये औषध कशापासून बनवत्यात रे?"

मी खरं सांगितलं. "रक्तापासूनच, काकू. लोकांनी दिलेल्या रक्तापासून."

"कुणाच्या?"

"कुणाच्याही."

त्यांचं तोंड बघायला पाहिजे होतं. पिशवी त्या दिवसापासून सुरू झाली.

वर खोलीत जाऊन मी दार लावायचो, कडी घालायचो, खिडकीवर टॉवेल टाकायचो आणि मग सुई टोचायचो. आपलीच मोरी अन् मुतायची चोरी. जगण्याचं औषध मी चोरासारखं घेत होतो.

तर त्या दिवशी पायरीवर उभं राहून मी सिस्टरांना फोन लावला. "सकाळपासून उन्हात होतं," म्हणालो.

"टाकून दे," त्या म्हणाल्या. "ते आता घेऊ नकोस. घरी द्यायचा साठा पुढच्या आठवड्यात येईल. तोवर जपून राहा. काही उचलू नकोस."

फोन ठेवला आणि मागून आण्णांचा आवाज आला. "ए, बरं झालं आलास. गॅसची टाकी गच्चीवर ने. आचारी खोळंबलाय."

मी डबा हातात घेऊन उभा. त्यांनी डबा बघितला. मला बघितलं. "त्ये ठेव की बाजूला."

नाही म्हणायला काय लागतं? एक शब्द. पण तो शब्द तोंडात आला आणि पाठोपाठ पुढचा आठवडा डोळ्यांपुढे आला. नवा साठा येणार. तो गार ठेवावा लागणार. परत मागच्या दाराशी उभं राहावं लागणार. अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी डबा चपलांशेजारीच ठेवला आणि टाकी खांद्यावर घेतली.

जिन्याच्या मधल्या वळणावर गुडघ्यात ऊब पसरली. ती ऊब मला लहानपणापासून ठाऊक आहे. आत नळ सुटल्यासारखं वाटतं. तरी टाकी वर पोचवली. खाली आलो. काकूंनी दारातून माझ्या ओंजळीत वरून प्रसाद टाकला. मी तो खाल्ला. आजही तो शिरा आठवला की जिभेवर कडू चव येते.

सकाळी गुडघा नारळाएवढा झाला होता. शेजारच्या खोलीतल्या एकानं रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तातडीसाठी राखलेल्या बाटल्या होत्या, त्या दिल्या म्हणून रक्त थांबलं. गुडघा मात्र सरळ व्हायचा राहिला तो राहिलाच. बरेच दिवस पत्र्याखाली पडून होतो. सुपरवायझरचा फोन आला, "भावा, येणार आहेस का दुसरा बघू?" येतो म्हणालो. आण्णा एकदा वर आले. दारातच उभे राहिले.

"डबा उन्हात व्हता ह्ये कुणाला सांगत बसू नगंस," म्हणाले. "उगा नाव खराब व्हतं. पोराचं विलेक्शन हाय."

मी कसा आहे, हे नाही विचारलं.

त्या दिवशी आईचा फोन आला. मी तिला सगळं सांगितलं. रागानं सांगितलं. तिकडं गावात ती घाबरली. "मालकाला उलट बोलू नको लेकरा," म्हणाली. "आपली गरज हाय. वाकून ऱ्हा. तुझा मामा बघ, कधी कुणाला उलट बोलला न्हाई."

मामाला हाच आजार होता. दात काढला आणि तो गेला, एवढंच मला माहीत होतं. मी विचारलं, "आई, मामा नेमका कसा गेला?"

ती म्हणाली, "दात काढून घरी आला, रक्त थांबंना. परत तालुक्याला नेला. डॉक्टर म्हणले, बाहेर ओट्यावर बसा, आधीचे लोक होऊ द्या. बसलो. लोक येत होते, जात होते. तुझा आजा म्हणला, साहेबाला तरास देऊ नका. मामाच्या तोंडाला टावेल लावला व्हता. टावेल भरला. दुसरा लावला. पर एक शब्द बोललं न्हाई लेकरू. लई गुणाचं व्हतं."

लई गुणाचं.

आई कौतुकानं सांगत होती. मामा रक्तानं मेला असं मी आयुष्यभर समजत होतो. मामा गप्प बसल्यानं मेला. ओट्यावर, आपली पाळी यायची वाट बघत, शहाण्यासारखा. आणि मी? मी मागच्या दाराशी उभा होतो. तोच ओटा. फक्त माझा टॉवेल अजून भरायचा होता.

"आई," मी म्हणालो, "मी गुणाचा नाही व्हायचा."

ती रडायला लागली. मला वाईट वाटलं. पण शब्द मागं घेतला नाही.

चालता यायला लागल्यावर मी भोसरीत सलीमभाईंकडे गेलो. ते जुने फ्रीज दुरुस्त करून विकतात. कमरेएवढा एक बारका फ्रीज निवडला. सलीमभाईंनी स्वतः टेम्पोत घालून आणला, भर दुपारी, सगळ्यांदेखत. आण्णा अंगणात खुर्ची टाकून बसले होते.

"ए! ह्ये काय? खोलीत फ्रीज चालणार न्हाई म्हणून सांगितलं व्हतं ना?"

"सांगितलं होतं, आण्णा. लई दिवस ऐकलं."

"आमच्या फ्रीजमधी ठिव की. न्हाई म्हणलं का कुणी?"

"नाही. तुमच्या फ्रीजमध्ये नाही ठेवणार."

"मग खोली सोड."

"सोडणार नाही. भाडं भरतोय, लाईटबिल भरतोय."

"माज आलाय का रं?"

आयुष्यात हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला होता. दर वेळी मी नाही नाही म्हणत मान खाली घातली होती.

"व्हय आण्णा," मी म्हणालो. "आलाय."

सलीमभाईंनी फ्रीज वर चढवला आणि पिन लावली. फ्रीज घरघरायला लागला. दवाखान्यातून आणलेला साठा बर्फाच्या थर्मासमधून काढून मी आत ठेवला. वरच्या कप्प्यात. मधोमध.

दुसऱ्या दिवशी घरघर थांबली. पंखा थांबला. खाली जिन्याखालच्या बोर्डावर माझ्या खोलीचा खटका कुणीतरी पाडला होता. कुणीतरी कशाला, आण्णाच तिथं उभे होते.

मी उतरलो. माझा गुडघा वाकलेला, एकेक पायरी कठडा धरून. शेजारच्या खोल्यांची दारं उघडली. काकू उंबऱ्यात आल्या. मी बोर्डापाशी गेलो आणि खटका वर केला.

त्यांनी पाडला.

मी वर केला.

"परत पाडीन," आण्णा म्हणाले. "बघू तुझा गुडघा किती उतरतोय."

"पाडा. भाडेकऱ्याची लाईट अशी तोडता येत नाही, पण तुम्ही पाडा. मी दर वेळी उतरेन. उतरता नाही आलं तर पायऱ्यांवर बसत बसत येईन."

तो इंजेक्शनचा दिवस होता. मी शेजारच्या पोराला म्हणालो, "भावा, वरून माझा डबा आण." तो घेऊन आला. मी पायरीवर बसलो. त्याच पायरीवर, चपलांशेजारी. टॉवेल नाही, कडी नाही. दंडाला पट्टा बांधला, दातानं ओढला. बाटली हातात फिरवली. सुई आत गेली, नळीत लाल दिसलं. ज्यांच्या रक्तातून हे औषध आलं त्यांचं आडनाव मला माहीत नाही. त्यांनीही माझं विचारलं नव्हतं.

काकूंनी पदर तोंडाला लावला. "दारात कशाला रं ह्ये रक्ताचं?"

मी सगळं औषध सावकाश आत जाऊ दिलं. सुई काढली, कापूस दाबला.

"विटाळ होत असेल तर तुम्ही आत जा, काकू," मी म्हणालो. "मी इथून हलणार नाही."

मी कामाला गेलो की आण्णा खटका पाडतात. हे मला माहीत आहे. म्हणून शिफ्टला जाताना औषध थर्मासमध्ये घालून सोबत नेतो आणि आल्या आल्या आधी बोर्डापाशी जातो. त्यांचं बोट थकेल का माझा गुडघा, मला ठाऊक नाही. पण ओट्यावर गप्प बसून मरणारा आमच्या घरातला शेवटचा माणूस माझा मामा होता. माझ्यापासून पुढं कुणी नाही.